भाड्याची गाडी, फ्रान्सची खेडी

सर्वप्रथम अभिनंदन. बसच्या काचेतून युरोप बघणारे, टूर मॅनेजरने हाक मारली की मुकाट उठणारे, रात्री जेवणात पनीर आलं म्हणून टाळ्या पिटणारे ते लोक वेगळे आणि तुम्ही वेगळे. तुम्ही फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून स्वतः गाडी हाकणार. वाटेल तिथे थांबणार, मनात येईल तेव्हा निघणार. हे स्वातंत्र्य पुरेपूर उपभोगायचं असेल तर पहिलं काम एकच: एक्सेल शीट उघडा.

शीटमध्ये गावं भरा. 'फ्रान्समधली सर्वांत सुंदर खेडी' या नावाची रीतसर संघटनाच तिथे 1982 पासून आहे, त्यामुळे यादी आयती मिळते. दोन हजारांहून जास्त वस्तीच्या गावाला तिच्यात प्रवेश नाही. म्हणजे माणसं कमी आणि पार्किंग त्याहून कमी अशी ठिकाणं हुडकण्याचे तुमचे कष्ट वाचले. दोर्दोन्य नदीकाठची बेनाक, ला रोक-गाजाक आणि दोम ही तीन गावं नाश्त्यानंतर लगेच उरकतात. दुपारी रोकामादूर. तिथल्या देवस्थानाच्या 216 पायऱ्या पूर्वीचे यात्रेकरू गुडघ्यांवर चढत. तुम्ही समोरच्या वळणावर गाडी न थांबवता काच खाली करून फोटो काढा. संध्याकाळी कॉन्क. एक रकाना 'निवांतपणा' असाही ठेवा, चार ते सव्वाचार.

आता गाडी. जो आकडा सर्वांत कमी दिसेल त्यावर बोट ठेवा आणि खालच्या अटी वाचत बसू नका. अनामत रक्कम क्रेडिट कार्डावरच, आणि तेही चालकाच्या नावाच्या, असं त्यांत लिहिलेलं असतं. तुम्ही डेबिट कार्डात भरपूर पैसे ठेवून जा आणि काउंटरवर अभिमानाने पुढे करा. ऑटोमॅटिक हवी हे तर आधी मुळीच सांगू नका. तिथे गिअरच्या गाड्यांचा सुळसुळाट आहे, ऑटोमॅटिकला जास्तीचं भाडं पडतं, आणि ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये तुमचा डावा पाय सेवानिवृत्त झालेला असला तरी क्लच काय, पोहण्यासारखा असतो, विसरत नाही. आरटीओने दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना घरच्या कपाटात जपून ठेवा. परदेशात हरवला म्हणजे?

गाडी ताब्यात घ्यायला एखाद्या लहान शहराच्या स्टेशनवर सव्वाबाराला उतरा. काउंटर बारा ते दोन बंद असतो. पुणेकरांना पायरीवर बसल्या बसल्या माहेरी आल्यासारखं वाटेल, इतरांनी त्यांच्याकडून धडे घ्यावेत. दोननंतर येणारा हसतमुख तरुण तुम्हाला जादा विम्याबद्दल विचारेल. त्याला ठणकावून 'नो' म्हणा. मग समजेल की गाडीला लागलं तर अमुक रकमेपर्यंतचा खर्च तुमचा, आणि ती रक्कम हजार-दीड हजार युरोंच्या घरात सहज जाते. शिवाय मूळ विम्यात काच, टायर आणि गाडीचा तळ बहुधा येत नाही. म्हणजे दगडी गल्लीत ज्या तीन गोष्टी सर्वांत आधी जातात तेवढ्या सोडल्या, तर बाकीची गाडी अगदी सुरक्षित.

रस्त्यावर आलात. भारतातल्या बऱ्याचशा गाड्यांत इंडिकेटरची दांडी उजव्या हाताला, तिथे ती डाव्या. पहिल्याच राउंडअबाउटला तुम्ही वळण्याची सूचना म्हणून वायपर चालू कराल. जुलैचं कडक ऊन, कोरडी ठणठणीत काच आणि तिच्यावर करकरत फिरणारे दोन वायपर. ते थांबवायला गेलात की काचेवर पाण्याची चिळकांडी उडेल. मागचा फ्रेंच माणूस हॉर्न वाजवणार नाही, कारण वस्तीत तातडीचा धोका असल्याखेरीज हॉर्नला बंदी आहे. तो फक्त स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलून आभाळाकडे नेईल. त्याला हात दाखवून पुढे चला. पुढचा राउंडअबाउट तीनशे मीटरवर आहेच. तिथे एका पाटीवर लिहिलेलं असेल 'सर्व दिशा' आणि दुसऱ्या पाटीवर 'इतर दिशा'. तर्कशुद्ध विचारांसाठी प्रसिद्ध तत्त्वज्ञ देकार्तच्या देशात अशा प्रश्नाचं उत्तर चालत्या गाडीत द्यावं लागतं. तीन चकरा मारा, तेवढ्यात मागच्या सीटवरून दोन परस्परविरोधी सल्ले येतातच.

उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा तिथला जुना नियम. वेगळी पाटी नसेल तर समोरची बोळवजा गल्लीदेखील उजवी असल्यामुळे तुमच्याहून थोर. तुमचा रस्ता मोठा असल्याची खूण म्हणजे पांढऱ्या काठाचा पिवळा चौकोन, टोकावर उभा केलेला. त्यावर काळी तिरपी रेघ आली की तुमचं मोठेपण संपलं. पण आपल्याकडे ज्याची गाडी मोठी त्याचा रस्ता, या शाळेत आपण शिकलो. त्याच रुबाबात चला. मग द्राक्षमळ्यातून एखादा ट्रॅक्टर डावीउजवीकडे न बघता सरळ तुमच्यापुढे येईल. त्याच्या चालकाला कायदा पाठ आहे, आणि काच-टायर-तळाची चिंता त्या ट्रॅक्टरला नाही.

वेगाचं फार मनावर घेऊ नका. दुभाजक नसलेल्या ग्रामीण रस्त्यांवर 2018 पासून 80 ची मर्यादा आली, पुढे काही जिल्ह्यांनी कुठेकुठे ती परत 90 केली. कुठे काय, हे तुम्ही अंतर्ज्ञानाने ओळखायचं. गावाच्या नावाची लाल काठाची पाटी दिसली की तिथून 50, आकडा लिहिलेला असो वा नसो. 2023 साली तर चिडलेल्या शेतकऱ्यांनी गावोगावच्या या पाट्या काढून उलट्या बसवल्या होत्या, सगळा कारभारच डोक्यावर चालतोय हे सांगायला. गाडीत पिवळं चमकतं जाकीट ठेवणं सक्तीचं आहे. ते मात्र आदराने हाताळा. 2018 च्या हिवाळ्यात इंधनावरच्या करामुळे भडकलेल्या लोकांनी याच जाकिटाचा झेंडा केला, आणि 2019 च्या जानेवारीत गृहमंत्र्यांनी देशातल्या साठेक टक्के स्पीड कॅमेऱ्यांची नासधूस झाल्याचं सांगितलं. एवढं वाचून अॅक्सिलरेटर दाबू नका. ते कॅमेरे सरकारने नंतर दुरुस्त केले.

पूर्व फ्रान्समधल्या आल्झास प्रांतात वाइनसाठी 170 किलोमीटरचा मोटाररस्ता 1953 पासून आहे. गावागणिक तळघरं, तळघरागणिक चव घेण्याचं आमंत्रण. रक्तात लिटरमागे अर्धा ग्रॅम अल्कोहोल झालं की चालक गुन्हेगार. तेव्हा चालकाने घोट तोंडात घोळवून समोरच्या भांड्यात थुंकावा. हे शास्त्रोक्त आहे आणि फोटोतही छान येतं. बाकीचे गिळतील आणि पुढचा रस्ताभर त्याला गाडी कशी चालवावी ते शिकवतील.

एव्हाना शीट तासभर मागे पडली असेल. जेवायला अडीचला पोहोचा, म्हणजे स्वयंपाकघर दोनलाच बंद झाल्याचं कळेल. चौकात गाडी लावून पिशवीतल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढा. उद्या त्या चौकात आठवड्याचा बाजार भरतो आणि पहाटेपासून पार्किंग बंद, ही पाटी तिथेच असते. मुक्काम त्याच गावी असेल तर ती वाचण्याचं टाळा, सकाळी गाडी ओढून नेलेली जागा बघायला मिळेल. आणि कोणी उशीर केला तर खेकसा. 'पाच मिनिटांत गाडीत बसा, पुढचं गाव राहील,' हे वाक्य तुमच्या तोंडी शोभून दिसेल. बसमधला मॅनेजर हेच म्हणायचा, पण त्याला त्याचा पगार होता आणि खिडकीबाहेर बघायला मोकळे डोळे होते. तुम्हाला डांबर दिसेल. फ्रान्सचं डांबर फार सुरेख आहे.

परतताना नॉर्मंडीकडून पॅरिसला ए13 ने या. या रस्त्यावरचे टोलनाके काढून टाकलेत. वरून कमान जाते, कॅमेरा नंबर टिपतो, आणि पैसे तुम्ही आपण होऊन 72 तासांत भरायचे असतात. खालापूरच्या रांगेत उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला हे फुकट वाटलं तर त्यात त्याचा काय दोष? बिनधास्त या, गाडी परत करा, रविवार असेल तर किल्ली भिंतीतल्या पेटीत टाका आणि विमानात बसा.

दीड-दोन महिन्यांनी भाड्याच्या कंपनीने कार्डावरून परस्पर काही युरो कापलेले दिसतील. घाबरू नका, तो दंड नव्हे. तुमचं नाव आणि पत्ता तिकडच्या सरकारला कळवण्याची ती फी. दंडाचं पत्र वेगळं येतं, टपालाने. खाली वॉचमनला सांगून ठेवा.