स्ट्रोक आपल्याला आला की नशीब, त्यांना आला की बेफिकिरी?

आज आपल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "ब्लॅक लोकांना स्ट्रोक जास्त येतात, कारण त्यांना तब्येतीची फिकीरच नसते." खाली आपल्याच माणसांचे अंगठे. डोकं फिरलंय माझं.

भावजींना अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये स्ट्रोक आला तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती त्यांनी. शाकाहारी, निर्व्यसनी. याच ग्रुपवर तेव्हा "बिचारे, नशीब!" असे मेसेज आले होते. रिहॅबमध्ये, म्हणजे स्ट्रोकनंतरच्या उपचार केंद्रात, त्यांच्या शेजारी एक ब्लॅक बसड्रायव्हर होता. बीपीची गोळी कधी चुकवली नाही त्याने. शिफ्टमुळे डॉक्टरकडे जाणं मात्र लांबायचं, डोस तोच राहायचा. तो बेफिकीर?

अमेरिकेत 'रिगार्ड्स' नावाचा मोठा अभ्यास आहे. २००३ ते २००७ मध्ये पंचेचाळिशीपुढचे तीस हजारांवर गोरे आणि ब्लॅक लोक त्यात घेतले. बीपी आहे हे ब्लॅक लोकांना गोऱ्यांपेक्षा जास्त माहीत होतं, औषधंही तेच जास्त घेत होते. तरी बीपी आटोक्यात असलेले त्यांच्यातच कमी. आणि वरचं बीपी १० ने वाढलं की गोऱ्यांचा स्ट्रोकचा धोका ८ टक्के वाढायचा, त्यांचा २४ टक्के. सांगा आता, फिकीर कुणाला नाही?

हो, अमेरिकेच्या दक्षिणेकडचं तळलेलं, खारट खाणं नडतं, तेही याच अभ्यासात आहे. मान्य. आपली फरसाणाची पाकिटं कुठे गेली मग?

भावजींचे हातपाय काडीसारखे, पोट तेवढं सुटलेलं. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, २४. डॉक्टर म्हणायचे, वजन नॉर्मल आहे, शुगर कशाला तपासायची? मधुमेह कळला तो थेट स्ट्रोकनंतर. आपल्या पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ मध्येच 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दाखवलं होतं : त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा बीएमआय सारखाच, २२.३, पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. गोऱ्यांच्या मापाने आपण बारीक ठरतो आणि तपासणीच होत नाही.

त्या ड्रायव्हरची बायको ताईला रोज विचारायची, जेवलीस का? स्वतःचा नवरा तसा पडलेला असताना. तिच्यासमोर वाचून दाखवाल तो मेसेज?

अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने २०१५ मध्ये आशियाई लोकांसाठी मधुमेहाच्या तपासणीची बीएमआयची रेषा २५ वरून २३ वर आणली. डॉक्टर टाळत असतील तर हा आकडा त्यांच्यापुढे ठेवा, आणि बीपी मोजल्याशिवाय उठू नका.