‘प्रोस्टेटचं ऑपरेशन टाळा’ म्हणणाऱ्या मेसेजला एका फॅमिली डॉक्टरचं उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला सात जणांनी पाठवला. त्यातले चौघे माझेच पेशंट. वर लिहिलंय, ‘साठीपुढच्या पुरुषांनी जरूर वाचा’, आणि खाली दावे: वयाप्रमाणे लघवीची धार बारीक होणारच, तो आजार नव्हे. सोनोग्राफीत प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखाली असणारी ग्रंथी) मोठी दिसली की डॉक्टर ऑपरेशनच्या मागे लागतात. पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) चारच्या वर गेला म्हणजे कॅन्सर, पण बायोप्सी (सुईनं तुकडा काढून तपासणी) करू नका, सुई लागली की तो पसरतो. ऑपरेशननं पुरुषत्व जातं आणि लघवी कायमची गळते. एवढं करून ग्रंथी परत वाढतेच. त्यापेक्षा सराट्याचा काढा आणि भोपळ्याच्या बिया घ्या, २१ दिवसांत सगळं पूर्ववत.

हे दावे मी पहिल्यांदा ऐकले नाहीत. चार वर्षांपूर्वी माझे काका, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, हेच सगळं पारावर ऐकून थांबले होते. म्हणून एकेक दावा घेऊन उत्तर देतो.

‘धार बारीक होणारच, तो आजार नव्हे’

प्रोस्टेट वयाबरोबर वाढते, इथपर्यंत खरं आहे. तरुणपणी ती साधारण २० ग्रॅमची असते. पन्नाशीत जवळपास निम्म्या पुरुषांच्या ग्रंथीत वाढ दिसते आणि ऐंशीच्या पुढे बहुतेकांच्या. ही आजकालच्या खाण्यापिण्यानं आलेली गोष्टही नाही. सुश्रुतसंहितेत मूत्राघाताच्या प्रकारांमध्ये वाताष्ठीला सांगितली आहे: गुदमार्ग आणि बस्ती (मूत्राशय) यांच्यामध्ये दगडासारखी गाठ येऊन लघवी अडते. प्रोस्टेटची जागा नेमकी तीच.

पण सगळ्यांना होतं म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. प्रोस्टेट मूत्रमार्गाभोवती असते. ती दाबू लागली की मूत्राशयाला जोर लावावा लागतो. काही वर्षं ते जोर लावतं, त्याची भिंत जाड होते, आणि मग एक दिवस ते थकतं. थकलेलं मूत्राशय दुखत नाही. खरी फसगत इथेच होते.

आप्पांच्या बाबतीत काकूंचा फोन आला तो डायपर कुठले घ्यायचे हे विचारायला. “ह्यांचा पायजमा रात्री ओला होतो रे, वय झालं आता.” मी त्या रविवारी गावी गेलो. आप्पा ओसरीवर खुर्चीत बसले होते, अंगाला लघवीचा वास, पाय सुजलेले. त्यांना झोपवून पोटाला हात लावला तर बेंबीपर्यंत गोल, टणक फुगवटा. टिचकी मारली की भद्द आवाज. ते म्हणत होते, “अरे, लघवी होतेय की, उलट जास्तच होतेय.” ती होत नव्हती, भरून सांडत होती. निरोगी माणसाला चार-पाचशे मिलिलिटरला जोराची लागते. आप्पांना नळी घातली तेव्हा १,७०० मिलिलिटर निघाली. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या सुजलेल्या, किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन ६.४, म्हणजे सामान्याच्या कित्येक पट. मी दर दिवाळीला त्यांच्या पाया पडत होतो. ‘रात्री किती वेळा उठता’ हे एकदाही विचारलं नव्हतं.

त्रास किती आहे हे मोजायला जगभर सात प्रश्नांचा एक तक्ता वापरतात: धार थांबून थांबून येते का, जोर करावा लागतो का, रात्री किती वेळा उठावं लागतं, असे प्रश्न. एकूण गुण ३५. सातपर्यंत सौम्य, १९ पर्यंत मध्यम, पुढे तीव्र. त्याच्या जोडीला लघवीची तपासणी, क्रिएटिनिन, धारेचा वेग मोजणारी युरोफ्लोमेट्री आणि लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरली ते पाहणारी सोनोग्राफी. यातल्या कशानंही शरीराला टाचणीपलीकडे इजा होत नाही.

‘ग्रंथी मोठी दिसली की ऑपरेशन’

या दाव्यात अर्धं सत्य आहे, आणि ते मी झाकणार नाही. नुसत्या आकारावरून ऑपरेशन सांगणारे भेटतात. माझ्या एका पेशंटला एका रुग्णालयात फक्त ‘ग्रेड २ प्रोस्टेट’ या रिपोर्टवर तारीख दिली होती. वीस वर्षांचा मधुमेह, तळपाय बधिर. नीट तपासल्यावर निघालं की अडथळा नव्हताच, मधुमेहानं मूत्राशयाच्या नसा अधू झाल्या होत्या. ऑपरेशन करून त्यांना काही मिळालं नसतं. असं वाटलं तर दुसऱ्या युरॉलॉजिस्टचं (मूत्रविकारतज्ज्ञाचं) मत घ्या, त्यात संकोच कसला?

आकार आणि अडथळा यांचा हिशेब सरळ नसतो. ८० ग्रॅमची ग्रंथी घेऊन कुणी आरामात जगतं, तर ३० ग्रॅमच्या ग्रंथीचा मधला भाग मूत्राशयाच्या तोंडावर बुचासारखा बसतो. म्हणून ऑपरेशनची कारणं वेगळीच आहेत: नळी काढली की लघवी पुन्हा अडकणं, वारंवार जंतुसंसर्ग, मूत्राशयात खडे, लघवीतून पुन्हा पुन्हा रक्त, अडथळ्यामुळे किडनीवर ताण, किंवा गोळ्या नीट घेऊनही न सोसणारा त्रास. यातलं काहीच नसेल तर गोळ्या आधी. टॅमसुलोसिनसारखी गोळी मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करते आणि काही दिवसांत फरक जाणवतो. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ग्रंथी आकसवतात, पण त्याला सहा महिने लागतात.

टॅमसुलोसिन घेत असाल आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी सांगा. या गोळीनं बुबुळाचा पडदा ऑपरेशनच्या वेळी लुळा पडू शकतो. सर्जनला माहीत असेल तर ते त्या तयारीनं बसतात.

‘पीएसए वाढला म्हणजे कॅन्सर, आणि सुईनं तो पसरतो’

पीएसए हे प्रोस्टेटमध्ये तयार होणारं प्रथिन आहे, कॅन्सरचं नव्हे. साधी वाढ, जंतुसंसर्ग, लघवी अडकणं, नुकतीच घातलेली नळी, सगळ्यांनी तो वाढतो. म्हणून लघवी अडकलेल्या किंवा ताप असलेल्या माणसाचा पीएसए त्याच आठवड्यात करून घरच्यांची झोप उडवू नये, काही आठवडे थांबावं. पाश्चात्त्य देशांतल्या आकडेवारीनुसार ४ ते १० या टप्प्यातल्या साधारण चौघांपैकी एकाच्या बायोप्सीत कॅन्सर सापडतो. उलट बाजूही ध्यानात ठेवा: फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड घेणाऱ्याचा पीएसए सहा महिन्यांत निम्म्यावर येतो. त्याचा २.५ हा प्रत्यक्षात ५ समजायचा.

बायोप्सीच्या वाटेवर पेशी रुजल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात आहेत, पण अत्यंत विरळ. खरा धोका जंतुसंसर्गाचा आहे, त्यासाठी प्रतिजैविकं देतात, आणि आता अनेक ठिकाणी गुदमार्गाऐवजी त्याच्या पुढच्या त्वचेतून सुई घालतात. आधी एमआरआय करून संशयाची जागा पाहण्याची पद्धतही रुळली आहे, त्यामुळे काहींची बायोप्सी टळतेही. न तपासता ठेवलेला कॅन्सर मात्र पसरण्यासाठी सुईची वाट पाहत नाही.

‘पुरुषत्व जातं, लघवी गळत राहते’

हा दावा सगळ्यांत जास्त माणसांना अडवतो. आप्पांनाही यानंच अडवलं. पंचाहत्तरीच्या माणसाला ही चिंता कशाला, असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. चिंता असते, आणि तिला सरळ उत्तर मिळायला हवं.

आधी ऑपरेशन काय असतं ते सांगतो. पोट उघडत नाहीत. कमरेखाली भूल देऊन मूत्रमार्गातून दुर्बीण घालतात आणि ग्रंथीचा वाढलेला आतला भाग तासून काढतात. संत्र्याची साल तशीच ठेवून आतल्या फोडी काढाव्यात, तसं. याला टीयूआरपी म्हणतात. मोठ्या ग्रंथीसाठी होल्मियम लेझरनं तोच गर सोलून काढण्याची पद्धतही आहे. दोन-तीन दिवस नळी राहते, पिशवीत लालसर पाणी दिसतं, मग ते निवळतं. काढलेले तुकडे तपासणीला जातात. ताठरतेच्या नसा सालीच्या बाहेरून जातात. अमेरिकेत ५५६ पुरुषांवर झालेल्या आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्यांचं ऑपरेशन केलं आणि निम्म्यांना नुसतं देखरेखीखाली ठेवलं. ऑपरेशनमुळे नपुंसकत्व किंवा लघवी गळणं वाढल्याचं त्यात दिसलं नाही.

मग ही अफवा आली कुठून? माझ्या मते, आम्हा डॉक्टरांच्या गप्प बसण्यातून. या ऑपरेशननंतर बहुतेकांचं वीर्य बाहेर येत नाही. मूत्राशयाचं तोंड रुंद झालेलं असतं, म्हणून वीर्य उलट आत जातं आणि पुढच्या लघवीतून निघून जातं. ताठरता राहते, सुखाची जाणीव राहते, पण बाहेर काही येत नाही. हे आधी सांगितलं नाही तर माणूस पहिल्याच रात्री समजतो की आपलं सगळं संपलं. तो बायकोशी बोलत नाही, डॉक्टरकडे परत जात नाही. मित्राच्या कानात मात्र सांगतो. एक पेशंट माझ्यासमोर रडला होता, ऑपरेशननंतर आठ महिन्यांनी. त्याला यातलं कुणी एक अक्षर सांगितलं नव्हतं. संमतीपत्रावर सही घेतली होती, एवढंच. ज्यांना अजून मूल हवं आहे त्यांनी तर हे आधीच बोलायला हवं, कारण त्यांच्यासाठी वेगळा विचार करता येतो.

लघवीचं म्हणाल, तर पहिले काही आठवडे घाई होते, थोडी गळतेही, जळजळ होते. कायमची गळती शंभरात एखाद्याला. हा मेसेज लिहिणाऱ्यानं बहुधा दोन ऑपरेशनांची गल्लत केली आहे. कॅन्सरसाठी अख्खी प्रोस्टेट काढतात तेव्हा ताठरता आणि लघवीवरचा ताबा या दोन्हींना खरोखर धोका असतो. ते ऑपरेशन वेगळं, त्याचं कारण वेगळं.

‘परत वाढतेच’

साल राहते, म्हणून वाढू शकते. टीयूआरपीनंतर दर वर्षी शंभरात एक-दोघांना पुन्हा ऑपरेशन लागतं. म्हणजे दहा वर्षांनीही बहुतेकांना लागत नाही. साल राहते याचा दुसरा अर्थ मात्र लक्षात ठेवा: कॅन्सर बहुधा त्या बाहेरच्या भागात होतो, त्यामुळे ऑपरेशन झालं म्हणजे पीएसए कायमचा विसरायचा, असं नाही.

खर्चाच्या भीतीनं थांबलेल्यांसाठी: महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत मूत्रविकारांच्या शस्त्रक्रिया आहेत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. भरती होण्याआधी त्याला भेटा.

‘काढा आणि बिया, २१ दिवस’

भोपळ्याच्या बिया खा, चांगल्या लागतात. पण फिनास्टेराइडला ग्रंथी पाव भागानं कमी करायला सहा महिने लागतात, तिथे २१ दिवसांत ती पूर्ववत कशी होईल? या आजारावर जगात सर्वांत कसून तपासलेली वनस्पती सॉ पाल्मेटो. २००६ मध्ये २२५ पुरुषांवर वर्षभर आणि २०११ मध्ये ३६९ पुरुषांवर तिप्पट मात्रेपर्यंत देऊन पाहिली. दोन्ही वेळा ती औषध नसलेल्या, नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरली नाही. काढा घेणाऱ्याला मी अडवत नाही. तो घेत असताना क्रिएटिनिन आणि उरलेली लघवी मोजून घ्या, एवढंच मागतो. आप्पांनी दोन वर्षं काढा घेतला आणि एकदाही काही मोजलं नाही. ऑपरेशन झालं, धार सुटली, पण क्रिएटिनिन दोनच्या खाली आलं नाही. किडनीचं जे गेलं ते गेलं.

मेसेजनं जे सांगायला हवं होतं ते राहिलंच. सर्दीच्या पातळ औषधांत आणि गोळ्यांत फेनिलएफ्रिन, क्लोरफेनिरामिन असतं. आधीच दाबलेल्या मूत्रमार्गाला ते पुरतं बंद करू शकतं. गेल्या जानेवारीत रात्री अकराला एक निवृत्त एसटी कंडक्टर माझ्याकडे आले, पोट धरून, घामानं निथळत. दुपारपासून थेंब नाही. मुलानं मेडिकलमधून आणलेलं सर्दीचं औषध दोन दिवस घेतलं होतं. नळी घातली, टॅमसुलोसिन सुरू केली, सर्दीचं औषध बंद. “आता ऑपरेशनच ना?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, थांबा, आधी बघू. तिसऱ्या दिवशी सकाळी नळी काढली आणि त्यांना पाणी पीत बाकावर बसवलं. दोन तासांनी दवाखान्याच्या संडासातून हाक आली, “डॉक्टर, झाली!”