‘काही घडतच नाही’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार.

आमच्या शनिवार-रविवारच्या आशियाई चित्रपट-मालिका रसास्वाद वर्गाला तुम्ही पाचपैकी दोन तारे दिलेत आणि सोबत लिहिलंत : “सव्वादोन तास म्हातारा-म्हातारी बसून असतात, काही घडतच नाही. कोरियन मालिका बायको घरी मोबाइलवर बघते, त्या रडारडीसाठी वर्गाची फी कशाला? बाकीचे सिनेमे म्हणजे परदेशी पारितोषिकांसाठी मांडलेलं दुःख. सबटायटल्स वाचून डोळे दुखले. फी परत मिळावी.” वर्गाला यायचं की नाही हे ठरवणारे लोक हा अभिप्राय वाचणार, म्हणून उत्तरही इथेच देते आहे.

आधी व्यवहाराचं. दोन्ही दिवस हजर राहिल्यावर फी परत मिळत नाही, नोंदणीच्या अर्जावर ते लिहिलेलं असतं. सबटायटल्स इंग्रजी असतात, हेही तिथे असतं. ज्यांना इंग्रजी भरभर वाचणं जड जातं, त्यांच्यासाठी प्रत्येक चित्रपटाचा कथासार आणि कोण कुणाचं कोण याचा तक्ता मराठीत छापून देतो. पुढच्या वेळी मागच्या दोन रांगांत बसून बघा. तिथून चित्र आणि अक्षरं एका नजरेत येतात, मान आणि डोळे दोन्ही कमी दमतात.

आता ‘काही घडतच नाही’ याविषयी. शनिवारी सकाळी तुम्ही पाहिलात तो जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांचा १९५३ सालचा ‘टोकियो स्टोरी’. ओनोमिची या बंदराच्या गावाहून शुकिची आणि तोमी हे वृद्ध जोडपं टोकियोत स्थायिक झालेल्या मुलांकडे येतं. थोरला डॉक्टर आहे, वस्तीत दवाखाना चालवतो. मुलगी शिगेचं ब्यूटी पार्लर आहे. दोघांनाही वेळ नाही. युद्धात गेलेल्या मुलाची विधवा, नोरिको, ऑफिसातून एक दिवस सुट्टी काढून सासू-सासऱ्यांना शहर दाखवते. मग मुलं वर्गणी काढून आई-वडिलांना अतामीच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर धाडून देतात. तिथे रात्रभर तरुणांचा गोंगाट. सकाळी समुद्राच्या भिंतीवरून उठताना तोमीला किंचित भोवळ येते, आणि ती ‘झोप झाली नाही म्हणून’ असं म्हणून पुढे चालू लागते. तिचा मृत्यू या क्षणापासून सुरू झालेला असतो. ओझू तिथे संगीत चढवत नाहीत, चेहऱ्याजवळ कॅमेरा नेत नाहीत. पुढे तार येते तेव्हा ती भोवळ आठवायची जबाबदारी आपली.

त्याच्याही आधी एक प्रसंग येऊन जातो, तो बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. तोमी धाकट्या नातवाला घेऊन घराजवळच्या गवताच्या चढावर जाते. मोठा झालास की कोण होणार, असं त्याला विचारते, आणि तू डॉक्टर होशील तेव्हा मी असेन का रे, असंही. नातू उत्तर देत नाही, तो खेळण्यात गुंग आहे. शुकिची खिडकीतून हे दुरून बघतात. मिनिटभराचा प्रसंग. चित्रपटात काय होणार आहे ते सगळं इथे सांगून टाकलंय, पण ते एका आजीच्या सहज बोलण्यात ठेवलंय.

कॅमेरा खाली, चटईवर बसलेल्या माणसाच्या उंचीवर असतो आणि जवळजवळ हलत नाही. तुम्हाला तो संथपणा वाटला. मला वाटतं, घरातल्या माणसांकडे बघण्याची ती सर्वांत सभ्य जागा आहे. आपण त्यांच्यासोबत बसलेले असतो, वरून न्याय करत नसतो. म्हणून शिगेचा राग येतो तेव्हा तो फार काळ टिकत नाही. ‘आई गंभीर’ अशी तार आल्यावर ती सुतकाचे कपडे सोबत घ्यायचं सुचवते, अंत्यविधी होताच आईचा किमोनो आठवण म्हणून मागते. हे ऐकताना अंगावर येतं. पण हीच शिगे आई गेली तेव्हा हमसून रडलेली असते, आणि ते रडणंही खरं असतं. धाकटी बहीण चिडते, तेव्हा बाजू मांडते ती नोरिको, जिने सगळ्यांपेक्षा जास्त केलं. मुलं मोठी झाली की त्यांचं आयुष्य वेगळं होतं, असं ती म्हणते. खलनायक काढून टाकला की गोष्ट सौम्य होईल असं वाटतं, प्रत्यक्षात ती जास्त बोचते, कारण दोष ढकलायला कुणी उरत नाही. आई-वडील गावाकडे आणि मुलं पुण्या-मुंबईत किंवा थेट अमेरिकेत, अशी घरं आपल्यात थोडी नाहीत. वर्ग संपल्यावर बाहेर जाऊन आईला फोन लावणारे विद्यार्थी मी पाहिलेत.

आणि ती पहाट. तोमी गेलीय, शुकिची घरात दिसत नाहीत. नोरिको शोधत जाते तर ते बाहेर उभे राहून उगवता सूर्य बघतायत. पहाट फार सुंदर होती, असं ते म्हणतात. आजही उकडणार. एवढं बोलून घराकडे वळतात. ही भूमिका करणारे चिशू र्‍यू तेव्हा जेमतेम ४९ वर्षांचे होते, सत्तरीतल्या माणसाचा वाकलेला खांदा त्यांनी अभिनयाने उभा केलाय. बायको गेल्यावर हवेबद्दल बोलणाऱ्या या माणसाच्या मनात काय चाललंय ते तुम्हाला कळलं होतं, नाहीतर ‘म्हातारा रडतही नाही’ हे चर्चेत तुम्ही बोलला नसतात. ते तुम्हाला खटकलं, म्हणजे ते तुमच्यापर्यंत पोचलं.

कोरियन मालिकांना तुम्ही ‘रडारड’ म्हणालात, त्याला माझा ठाम आक्षेप आहे. आपण ‘रिप्लाय १९८८’चे दोन भाग पाहिले. वीस भागांची ही मालिका २०१५-१६ मध्ये कोरियात दाखवली गेली. दिग्दर्शक शिन वॉन-हो, लेखिका ली वू-जंग. सोलच्या सांगमुन-दोंग भागातल्या एका गल्लीतली पाच कुटुंबं. पहिल्याच भागात रात्रीच्या जेवणाआधी प्रत्येक घरातून वाटीभर कालवण दुसऱ्या घरी जातं, तिकडून काहीतरी परत येतं, मुलं ताटल्या घेऊन गल्लीत पळतायत. आपल्या वाड्यांत, चाळींत वाढलेल्यांना याचा अर्थ सांगावा लागत नाही. त्यातल्या एका घरातली तीन भावंडांतली मधली मुलगी दोक-सन. थोरल्या बहिणीचा वाढदिवस तिच्या वाढदिवसाच्या काहीच दिवस आधी येतो, म्हणून दरवर्षी एकाच केकवर दोघींचा उरकतात. अंडं आणि कोंबडीची तंगडीही नेहमी बाकी दोघांना. एक दिवस ती फुटते. नंतर वडील छोटा केक घेऊन येतात आणि सांगतात, की आम्ही काही जन्मतः आई-बाप नसतो, मीही पहिल्यांदाच बाप झालोय, तेव्हा सांभाळून घे. आपल्याकडच्या किती बापांना हे मुलीशी बोलावंसं वाटलं असेल आणि जमलं नसेल.

दुसरा भाग तुम्ही मध्येच उठून गेलात, असं मदतनीस सांगत होता. त्या भागात आजी वारते. मुलं घाबरत गावी पोचतात आणि बघतात तर वडील आणि त्यांची भावंडं आल्या-गेल्याशी हसून बोलतायत, पत्ते चाललेत, जेवणं वाढली जातायत. दोक-सनला संताप येतो, यांना आई गेल्याचं काहीच नाही का? मग उशिरा अमेरिकेहून थोरले काका येतात. दारात भाऊ भावाला बघतो, आणि इतका वेळ पाहुण्यांचं करणारी ती सगळी मोठी माणसं एकदम कोसळतात. आपल्याकडेही दिवसांत घर माणसांनी भरलेलं असतं आणि घरच्या बायका चहाच्या कपांत बुडालेल्या असतात. रडायला सवड मिळते ती सगळे गेल्यावर, किंवा नेमकं ‘ते’ माणूस आल्यावर. मालिकेने हे रडणं आयतं दिलेलं नाही. आधी अर्धा भाग आपल्याला त्या मुलीच्या जागी बसवून मोठ्यांबद्दल चुकीचं मत करून घ्यायला लावलं, मग ते आपल्याच डोळ्यांदेखत मोडलं. शुकिचींची पहाट आणि हे घर मी एकाच दिवशी लागोपाठ दाखवते ते यासाठीच. ६२ वर्षांचं अंतर, देश वेगळे, एक काळ्या-पांढऱ्या चित्रांचा उस्ताद, दुसरी शुक्रवार-शनिवारची टीव्हीवरची करमणूक. पण दुःख आधी कामात, आदरातिथ्यात, हवापाण्याच्या गप्पांत ठेवायचं आणि प्रेक्षकाला तिथपर्यंत स्वतः चालत येऊ द्यायचं, ही जाण दोन्हीकडे आहे.

मालिका ‘बायकांची’ आहे म्हणून कमी दर्जाची, असं तुम्ही लिहिलेलं नाही, पण सूर तसा लागला. जपानची ‘ओशिन’ सुगाको हाशिदा या लेखिकेने लिहिली, १९८३-८४ मध्ये तिचे २९७ भाग दाखवले गेले, आणि गरिबीतून वर आलेल्या एका बाईची ती गोष्ट आशियाभर घराघरांत बघितली गेली. एवढ्या माणसांना इतके दिवस एका बाईच्या कष्टांशी बांधून ठेवणं ही मोठी कलाकृती आहे, असं मी मानते. कोरियन मालिकांचा आणखी एक गुण म्हणजे त्या बहुधा सोळा-वीस भागांत संपतात. शेवट ठरलेला असल्यामुळे पहिल्या भागातली वाटी विसाव्या भागापर्यंत लक्षात ठेवता येते. वर्षानुवर्षं वाढत जाणाऱ्या रोजच्या मालिकेत लेखकाला ही चैन मिळत नाही.

‘पारितोषिकांसाठी मांडलेलं दुःख’ हे वाक्य मात्र मला लागलं. तैवानचे दिग्दर्शक होउ श्याओ-श्येन यांच्या ‘अ सिटी ऑफ सॅडनेस’ला १९८९ मध्ये व्हेनिस चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, सुवर्णसिंह, मिळाला, हे खरं. पण तो चित्रपट कुणासाठी होता? २८ फेब्रुवारी १९४७ ला तैवानमध्ये लोकांचा उठाव झाला, सरकारने तो रक्तपाताने मोडला आणि मग त्याविषयी बोलणंच धोक्याचं झालं. १९४९ ला लागू झालेला लष्करी कायदा १९८७ मध्ये उठला. दोनच वर्षांत हा चित्रपट आला. ज्या घरांनी चाळीस वर्षं आपली माणसं गमावल्याचं मोठ्याने बोलणं टाळलं होतं, त्यांच्यासाठी पडद्यावर पहिल्यांदा त्या उठावाचं नाव घेतलं गेलं. टोनी लिऊंग हा हाँगकाँगचा नट, त्याला तिथली बोली येत नव्हती, म्हणून त्याचं पात्र मूकबधिर केलं गेलं. अडचणीतून काढलेली वाट, पण ज्या समाजाला बोलू दिलं नाही त्याच्या गोष्टीत न बोलू शकणारा फोटोग्राफर आला, आणि तो चिठ्ठ्या लिहून बोलतो. तो पकडला जातो तेही आपण बघत नाही. बायको-मुलासह काढलेला फोटो दिसतो, आणि नंतर त्याला नेल्याचं पत्रातून कळतं. दुःख विकायचं असतं तर अटकेचा प्रसंग कुणी सोडला नसता.

रविवारी संध्याकाळचा, हाँगकाँगचे दिग्दर्शक वाँग कार-वाई यांचा ‘इन द मूड फॉर लव्ह’ तुम्हाला आवडला असावा, कारण त्याबद्दल काही लिहिलेलं नाही. १९६२चं हाँगकाँग, शेजारी राहणारे दोघं, दोघांचे जोडीदार एकमेकांत गुंतलेले. त्या जोडीदारांचे चेहरे चित्रपट कधीच दाखवत नाही. हे दोघं निरोपाची नुसती तालीम करतात आणि तिला तालमीतच रडू आवरत नाही. दिवे लागल्यावर मी मागे वळून पाहिलं तेव्हा तुम्ही उठला नव्हतात.

फी परत करणार नाही. मात्र पुढच्या वर्गात ओझूंचाच १९४९चा ‘लेट स्प्रिंग’ आहे. मुलीच्या लग्नाची गोष्ट, पण त्यात लग्न दाखवलेलं नाही आणि नवरा मुलगाही नाही. त्यानंतरची चर्चा तासभर चालते, जुन्या विद्यार्थ्यांना तिची वेगळी फी नसते. तुम्ही आणि तुमच्या पत्नी दोघांनी या. त्या घरी कुठली मालिका बघतात आणि कुठल्या भागाला थांबतात, हे मला त्यांच्याकडून ऐकायचं आहे, आणि तुमचं ‘काही घडत नाही’ हे म्हणणंही तिथे समोरासमोर मांडा, त्यावर बोलायला इतर विद्यार्थीही असतील.

– संचालिका