सही करणारं माणूस

परवा आईनं फोनवर पुन्हा तेच विचारलं, "म्हणजे तू त्या पोराला दत्तक घेतलं होतंस का गं?"

नाही आई. दत्तक नाही, आणि तो आमच्या घरी राहतही नव्हता. मी त्याची न्यायालयानं नेमलेली पालक होते. जर्मनीत याला 'फोरमुंड' म्हणतात आणि मुलाला 'म्युंडेल'. आपल्या शाळेच्या पत्रकात 'पालक' आणि 'पाल्य' लिहिलेलं असतं ना, नेमकं तेच नातं. आईबापाशिवाय परक्या देशात पोचलेल्या मुलाची सही कोण करणार, या प्रश्नाचं उत्तर म्हणजे पालक.

तो अफगाणिस्तानातला. इराण, तुर्कस्तान, बल्गेरिया, सर्बिया करत २०२२ च्या सप्टेंबरात एकटा इथे पोचला, तेव्हा पंधरा वर्षांचा होता. एकटं मूल सापडलं की ते 'युगेंडआम्ट'च्या ताब्यात जातं. मुलांसाठीचं हे सरकारी कार्यालय. (बर्लिनमधल्या एका भारतीय बाळाच्या प्रकरणामुळे हे नाव आपल्याकडच्या बातम्यांतही आलं होतं. ते प्रकरण वेगळं आहे, इथे मी त्याबद्दल बोलत नाही.) मग कौटुंबिक न्यायालय पालक नेमतं, आणि बहुतेक वेळा तो पालक म्हणजे त्याच कार्यालयातला एखादा कर्मचारी असतो.

मी तेव्हा त्याच्या वसतिगृहात शनिवारी जर्मन शिकवायला जायचे. हिंदी सिनेमे बघून त्याला हिंदी बऱ्यापैकी येत होतं, म्हणून आमचं जमलं. एका शनिवारी तो गालाला हात लावून बसलेला. दाढ सुजली होती. भूल देऊन काढायची तर पालकाची सही हवी, आणि पालक रजेवर. बदली कर्मचाऱ्याला फाइल सापडेना. नऊ दिवस ते पोर गोळ्या खाऊन झोपत होतं. मी विचारलं, "तुझे पालक कोण, माहितीय का?" म्हणाला, "एकदा आले होते. टक्कल होतं."

त्या गृहस्थांना मी दोष देत नाही. कायदा एका कर्मचाऱ्याकडे जास्तीत जास्त पन्नास मुलं देऊ शकतो आणि दर महिन्याला साधारणपणे प्रत्येकाला प्रत्यक्ष भेटावं असंही सांगतो. महिन्याला कामाचे दिवस वीस-बावीस. म्हणजे रोज दोनाहून जास्त मुलं, शिवाय न्यायालय, शाळा, इस्पितळ, कागद. आणि हा पन्नासचा आकडासुद्धा फुकट मिळालेला नाही. २००६ साली ब्रेमेनमध्ये दोन वर्षांचा एक मुलगा आईच्या जोडीदाराच्या घरातल्या फ्रिजमध्ये मृत सापडला. त्याचं पालकत्व सरकारी कार्यालयाकडेच होतं, आणि ज्या कर्मचाऱ्यावर त्याची जबाबदारी होती त्याच्याकडे दोनशेहून जास्त मुलं होती. हे मूल स्थलांतरित नव्हतं. पण त्याच्या जिवावर २०११ साली कायदा बदलला, आणि आज अफगाण, सीरियन, सोमाली मुलांना जे थोडंफार मिळतं ते त्यातून आलेलं आहे. २०२४ च्या युरोपीय निर्देशानं ही मर्यादा तीसवर आणली आहे, पण मुलांचा लोंढा आला की पुन्हा पन्नासपर्यंत जायची मुभा ठेवली आहे. माझं मत विचाराल तर तीससुद्धा फार आहेत. तीस मुलांच्या आयांची नावं कोणाच्या लक्षात राहतील?

१ जानेवारी २०२३ पासून इथे नवा कायदा आहे. घरचं काम सांभाळून, पगाराशिवाय हे पालकत्व घेणारं योग्य माणूस असेल तर त्याला कार्यालयाच्या आधी प्राधान्य. तेव्हाच मी अर्ज केला. पोलिसांचा दाखला, संध्याकाळचं प्रशिक्षण, मग न्यायाधीशबाईंसमोर दोघांना बसवलं. त्यांनी मला विचारलं त्यापेक्षा जास्त त्याला विचारलं. "ही बाई तुला चालेल का?" तो म्हणाला, "ही माझी खाला आहे." खाला म्हणजे मावशी.

पालक नक्की काय करतो, हे मला त्याच्या आश्रयाच्या मुलाखतीत कळलं. दुभाषी दक्षिण इराणातला. मुलगा सांगत होता की काकाला तालिबाननं उचलून नेलं. शेवटी सगळं टिपण त्याला वाचून दाखवतात. त्यात आलं, 'भावाला नेलं'. अर्ध्या तासापूर्वी त्यानं सांगितलेलं की भाऊ नाही, दोन बहिणी आहेत. झाला विरोधाभास, आणि अशा एका विरोधाभासावर 'मुलाचं म्हणणं विश्वासार्ह नाही' असा शेरा बसू शकतो. मी हात वर केला. दारी म्हणजे अफगाणिस्तानातली फारसी, तिच्यात काका म्हणजे बापाचा भाऊ, आपल्यासारखंच. त्या दुभाष्याच्या गावाकडे मात्र काका म्हणजे भाऊ. टिपण दुरुस्त झालं. त्या खोलीत पन्नास मुलं सांभाळणारा पालक आला असता तर त्याला मुलाच्या घरात कोण कोण आहे हेच ठाऊक नसतं, मग चूक पकडणार कुठून?

आता वयाचं बघा. "ही पोरं वय खोटं सांगतात" असं मला आपलेच लोक ऐकवतात. काही सांगतही असतील. म्हणूनच इथे कायद्यानं क्रम ठरवलाय, आधी कागद, मग दोन अनुभवी माणसांनी मुलाशी बोलून अंदाज, शंका राहिली तर वैद्यकीय तपासणी. पण हाडांच्या एक्स-रेवरून वर्षाचा नेमका आकडा निघत नाही, एक पट्टा निघतो, आणि अठरा त्या पट्ट्याच्या अलीकडे की पलीकडे यावर मुलाचं सगळं अवलंबून असतं. याच्या ओळखपत्रावर तारीखच नव्हती, '१३९४ साली वय आठ' एवढंच. ते साल त्यांच्या पंचांगातलं, मार्चमध्ये सुरू होणारं. त्याची आई फोनवर म्हणाली, जर्दाळू पिकायच्या दिवसांत झाला, म्हणजे २००७ चा उन्हाळा. इथल्या नोंदीत लिहिलं गेलं १ जानेवारी २००७.

माझ्या आजोबांची जन्मतारीख १ जून. त्यांच्या दोन्ही भावांचीही १ जून. मास्तरांनी शाळेत घालताना लिहिली. आपल्याकडे त्यानं फार तर निवृत्ती मागेपुढे होते. या पोराचं सहा महिन्यांचं बालपण गेलं. आम्ही दुरुस्तीचा अर्ज केला, आईचं म्हणणं जोडलं, पण तारीख बदलली नाही.

जर्मनीतल्या मराठी मंडळांना मी हे मुद्दाम सांगतेय. गणपतीला, दिवाळीला आपण शंभर-दीडशे माणसं सहज जमतो. परक्या देशातल्या कार्यालयात भाषा न कळता रांगेत उभं राहणं आपल्याला माहीत आहे. जर्मन नागरिकत्व लागत नाही, घरात खोली लागत नाही. भाषा, महिन्याकाठी काही संध्याकाळी आणि चिकाटी लागते. २०१५ या एका वर्षात इथल्या कार्यालयांनी एकट्या आलेल्या सुमारे ४२,३०० मुलांना ताब्यात घेतलं होतं. आज तेवढी येत नाहीत, आणि म्हणूनच आज एकेका मुलाला एकेक माणूस देणं शक्य आहे. मात्र सरकारनं याकडे पगार वाचवायची सोय म्हणून बघितलं तर मी विरोध करेन. आम्हाला अडलं तर विचारायला अनुभवी कर्मचारी लागतातच.

२०२५ च्या १ जानेवारीला, कागदावर तो अठरा झाला. पुढच्या आठवड्यात न्यायालयाचं पत्र आलं, पालकत्व संपलं, शेवटचा अहवाल आणि नेमणूकपत्र परत पाठवा. दोन्ही पोस्टात टाकलं.

जूनमध्ये तो एक खाकी लिफाफा घेऊन आला, घरभाड्याच्या मदतीचा अर्ज होता. सवयीनं शेवटचं पान माझ्यापुढे सरकवलं. मी म्हटलं, आता तूच करायची. त्यानं पेन घेतलं आणि तीन वेळा विचारलं, "खाला, इथेच ना?"