‘दुःखाला समुपदेशक कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

मागील लेखावरील आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. दुःख हा आजार नाही, आपली माणसे असताना परक्यापुढे पैसे मोजून रडणे हा दुःखाचा अपमान आहे आणि काळासारखे औषध नाही, असे आपले तीन आक्षेप आहेत. पत्नीच्या निधनानंतर आपण कोणाकडेही न जाता कामाला लागलात आणि सोळा वर्षांच्या मुलाने ‘एकदाही डोळ्यांत पाणी आणले नाही’, असेही आपण लिहिले आहे. इतके मनातले लिहिणाऱ्याला दोन ओळींत उत्तर देणे बरे दिसले नसते, म्हणून हे लांबले आहे.

आधी माझी चूक कबूल करते. ‘जवळचे माणूस गेलेल्या प्रत्येकाने समुपदेशकाकडे जायलाच हवे’ हे माझे वाक्य चुकीचे होते आणि मी ते लेखातून काढून टाकले आहे. बहुतेक माणसे घरच्यांच्या आणि मित्रांच्या आधाराने सावरतात. सरसकट सर्वांना दिलेल्या समुपदेशनाचा फारसा उपयोग दिसत नाही, ज्यांचे दुःख एका जागी अडकून बसले आहे त्यांना मात्र तो होतो, असेच आजवरच्या अभ्यासांवरून दिसते. आपल्या बाजूने साक्षीदारही मोठा आहे. शोकाला रोग समजून त्यासाठी वैद्याकडे जाण्याचे कोणाच्या मनातही येत नाही, तो कालांतराने ओसरेल याचा आपल्याला भरवसा असतो, अशा आशयाचे मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१७ मध्ये लिहून ठेवले आहे. पुढे १९२० मध्ये त्यांची मुलगी सोफी इन्फ्लुएन्झाने गेली. ती असती तर ज्या दिवशी छत्तीस वर्षांची झाली असती, त्या दिवशी, १९२९ मध्ये, त्यांनी मुलगा गमावलेल्या एका मित्राला पत्र लिहिले. शोकाची तीव्रता ओसरते हे खरे, पण समाधान कशानेच होत नाही आणि गेलेल्याची जागा कोणीही घेत नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. काळ औषध आहे की नाही, या प्रश्नावर याहून प्रामाणिक उत्तर माझ्या वाचनात आलेले नाही.

तेव्हा दुःख हा आजार नाही, यावर आपला वाद नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात ‘प्रदीर्घ शोकविकार’ आहे खरा, पण त्यासाठी किमान सहा महिने उलटलेले असावे लागतात आणि गेलेल्या व्यक्तीची ओढ इतकी सतत असावी लागते की रोजचे जगणेच कोलमडते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने तर प्रौढांसाठी ही मुदत वर्षभराची ठेवली आहे. जवळचे माणूस गमावलेल्या प्रौढांमध्ये साधारण दहांपैकी एकाच्या वाट्याला हे येते आणि मृत्यू अचानक किंवा हिंसक असेल, किंवा अपत्याचा असेल, तर ते प्रमाण वाढते. असे लेबल लावण्याबद्दल आपल्याला वाटणारी शंका या क्षेत्रातल्या अनेकांनीही जाहीरपणे मांडली आहे, त्यामुळे ती गैर नाही. मात्र झोप आणि जेवण तुटले असेल, किंवा आपणही जगू नये असे वाटत असेल, तर सहा महिने मोजत बसू नये. त्या दिवशीच डॉक्टरांकडे जावे, आणि ते समुपदेशक नव्हे तर औषध देऊ शकणारे मानसोपचारतज्ज्ञ असावेत.

खरा प्रश्न आपला दुसरा आहे. आपली माणसे असताना परका कशाला?

माझा धाकटा भाऊ रस्त्यावरच्या अपघातात गेला. त्या संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी त्याचा फोन आला होता आणि हातातला अहवाल संपवायचा म्हणून मी तो उचलला नाही, उलट फोन उपडा करून ठेवला. हे मी आईला सांगणे शक्यच नव्हते. तिचे दुःख माझ्याहून मोठे होते आणि त्यात ही एक गोष्ट मी टाकली असती, तर तिने ती आयुष्यभर बाळगली असती. नवऱ्याला एकदा सांगितले. त्याने लगेच ‘तुझी काही चूक नाही’ म्हणून मला जवळ घेतले आणि विषय तिथेच मिटला. त्याचे प्रेम खोटे नव्हते, पण मला त्या अवस्थेत पाहणे त्याला सोसत नव्हते, म्हणून तो मला लवकर गप्प करत होता. आपल्या माणसांची अडचण हीच असते की आपले दुःख त्यांनाही लागते.

चौदा महिन्यांनी मी समुपदेशनाला गेले. (पहिल्या ठिकाणी दोन बैठकांतच थांबले. त्या बाईंनी मला ‘तुम्ही सध्या रागाच्या पायरीवर आहात’ असे सांगितले. नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार या सुप्रसिद्ध पाच पायऱ्या मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडल्या, त्या मृत्यूच्या दारातल्या रुग्णांशी बोलून, मागे राहिलेल्यांशी नव्हे. समुपदेशनासाठी आपण प्रतिक्रियेत वापरलेला ‘दुकानदारी’ हा शब्द अशा ठिकाणी मला मान्य आहे.) दुसऱ्या समुपदेशकांनी माझी फोनची हकिकत शेवटपर्यंत ऐकली आणि ‘तुमची चूक नाही’ असे म्हटले नाही. फोन कशासाठी आला असेल, एवढेच विचारले. मी म्हणाले, माहीत नाही. ‘एरवी कशासाठी यायचा?’ मी बराच वेळ गप्प होते, आणि मग मला चक्क हसू आले. एरवी तो वीजबिलाच्या खात्याचा पासवर्ड विचारायला फोन करायचा, जो मी त्याला किमान दहा वेळा पाठवला होता. चौदा महिने तो मला फक्त न उचललेल्या फोनसारखा आठवत होता. त्या दिवशी पासवर्ड विसरणारा माझा भाऊ आठवला आणि मग मी जी रडले, ती बैठकीची वेळ संपेपर्यंत.

पैसे मोजले ते या ऐकण्याचे. माझ्या रडण्याने ज्याचे घर हलणार नाही, असा माणूस मला हवा होता. पुढच्या बैठकांत रिकाम्या खुर्चीकडे पाहून भावाशी बोलायला सांगितले, तेव्हा मला ते नाटकी वाटले होते, हेही सांगते. अशा कल्पित संवादाचा उपयोग अडकलेल्या शोकावर उपचार करणाऱ्या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ कॅथरीन शीअर यांच्या सुमारे सोळा बैठकांच्या उपचारपद्धतीतही केला जातो, हे मला नंतर कळले.

आपण कामाला लागलात, ते दुःखापासून पळणे होते असे मी म्हणणार नाही. शोकाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये मांडले, त्यानुसार शोकातला माणूस कधी गेलेल्याकडे वळतो, कधी पुढ्यातल्या जगण्याकडे, आणि हे हेलकावे हेच सावरणे असते. घर चालवणे हीही त्यातलीच एक बाजू आहे.

आपल्या मुलाला मी ओळखत नाही, त्यामुळे त्याच्या मनात काय होते याचा अंदाज करणे योग्य होणार नाही. पण आपले ते वाक्य वाचून मी थांबले, कारण भाऊ गेल्यापासून त्या बैठकीपर्यंत आईसमोर मीही एकदाही रडले नव्हते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला आई सांगत असे, मुलगी फार धीराची आहे.