गायीला धुकं नको, वारा द्या

सकाळपासून तिसऱ्या ग्रुपवर तोच व्हिडिओ. गोठ्यात बारीक फवारे लावलेत, सगळीकडे धुकं, खाली काळ्यापांढऱ्या गायी ऐटीत उभ्या. वर ओळ: 'हवामान बदलतंय, शेतकऱ्यांनो, तुम्हीही बदला.' ज्यांनी त्यावर लाइकचे अंगठे टाकलेत त्यांच्यातल्या एकानेही एप्रिलात भर दुपारी गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यातल्या गोठ्यात पाय ठेवलेला नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

अहो, आपल्याकडे उन्हाळ्यात अंगावरचा घाम वाळत नाही! फवाऱ्याचा गारवा पाणी हवेत विरलं तरच येतो. विदर्भातल्या कोरड्या हवेत येत असेल, नाही म्हणत नाही. इथली हवा आधीच गच्च. त्यात धुकं कोंडायचं म्हणजे गाय उकडत ठेवायची.

दोन वर्षांमागे आमची गौरी अशीच बसली. संकरित होलस्टिन, कर्ज काढून आणलेली. पारा 34, डोक्यावर पत्रा, आणि पावसाची झड आत येऊ नये म्हणून तिन्ही बाजूंनी वरपर्यंत चिरे. जीभ बाहेर, लाळेची तार जमिनीपर्यंत, रवंथ बंद. बाबांनी आजीच्या खोलीतला टेबलफॅन काढून आणला. भिजवायचं, वारा घालायचा, अंग सुकलं की परत भिजवायचं. संध्याकाळपर्यंत ते तिच्या डोक्याशी बसून होते, एक शब्द बोलले नाहीत.

आणि बाहेर फणसाखाली आमची पांढरी गावठी गाय निवांत रवंथ करत होती.

ती श्वेतकपिला. आपल्या गोव्याची गाय, 2020 मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोत तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. दूध दोन-तीन लिटर, तेवढ्यावर घर चालत नाही, मान्य. म्हणून तिला मोकाट सोडायची? गावठी गाय दारात राहू दे, पुढच्या उन्हाळ्यांत तीच टिकणार आहे.

गौरी वाचली, पण दूध अकरा लिटरवरून पाचावर आलं आणि कित्येक महिने माजावर आली नाही. पुढच्या आठवड्यात बाबांनी गोठ्याच्या वरच्या अर्ध्या भिंती काढल्या. तिथे ताडपत्री, पावसात सोडायची, उन्हाळ्यात गुंडाळायची. पत्र्यावर चुडतं, म्हणजे माडाच्या झावळ्या, घातली. गवत-पेंड पहाटे आणि रात्री, कारण चारा पचतानाही तिच्या पोटात उष्णता होते. पाण्याची टाकी सावलीत, दिवसाला 60-70 लिटर ती सहज पिते. एवढंच केलं. या कामाला मदत मिळेल का, म्हणून बाबा विचारायला गेले, तर उत्तर मिळालं, नवा गोठा बांधा, दुरुस्तीला पैसे नाहीत. नवी गाय, नवा गोठा, नवं कर्ज! जुनं छप्पर थंड करायला कोणी दमडी देणार नाही!

चाऱ्याचं तर विचारूच नका. भात कापायला आलं की पाऊस येतो, पेंढ्याची उडवी (गंजी) रचायच्या आधीच तो कुजतो, मग घाटावरून विकत आणायचा. बांधावर नेपियर गवत लावलंय आम्ही, पावसाळाभर भागतं. उन्हाळ्याचं अजून जमलेलं नाही.

जाऊ दे. व्हिडिओ पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नसेल. पण टेबलफॅन धरून बसलेले बाबा आठवले की राहवत नाही.

गौरी आता गाभण आहे, सहावा महिना. रविवारी मी गावी जातेय, छपरावरची चुडतं बदलायची आहेत. कुणाच्या कुळागरात, माडापोफळीच्या बागेत, माड साफ केले असतील तर चुडतं जाळू नका, मला फोन करा. मी गाडी घेऊन येते.