हिरव्या पाटीखालचा टॉवेल

युरोपीय संघाच्या त्या निर्देशाबद्दल कट्ट्यावर कोणालाही काही समजावून सांगावे लागले नाही. पुराव्याविना ‘पर्यावरणपूरक’, ‘हरित’ अशी मोघम विशेषणे लावण्याची आणि कुठेतरी झाडे लावून आपला कार्बनभार शून्य झाल्याचे मिरवण्याची सोय २७ सप्टेंबर २०२६ पासून तिथे संपते, हे आमच्यातला हॉटेल-मॅनेजर आम्हाला दुःखी चेहऱ्याने ऐकवतच होता. तोच दिवस जागतिक पर्यटन दिन म्हणूनही पाळला जातो, याकडे हिशेबनीसांनी लक्ष वेधले तेव्हा तो आणखी दुखावला.

“तुम्हाला गंमत वाटते,” तो म्हणाला, “पण ज्यांनी खरोखर काम केले त्यांच्याही तोंडाला आता कुलूप लागेल. पाहुण्याने कार्ड काढताच खोलीतली वीज बंद होते, शाम्पूच्या चिमुकल्या बाटल्या जाऊन भिंतीवर मोठ्या बाटल्या आल्या, बुफेतून उरलेल्या अन्नाचे वजन होऊ लागले; हे काय आकाशातून पडले?”

“अरे, मग तेच लिहा ना,” ताई म्हणाल्या. “‘आम्ही शाम्पूची बाटली मोठी केली’ असे लिहायला कोणत्या कायद्याची मनाई आहे? तेवढ्यावर पृथ्वीच्या रक्षकाचा किताब मिळत नाही, हे तुझे खरे दुखणे आहे. शिवाय कॅलिफोर्नियात मोठ्या हॉटेलांमधल्या त्या चिमुकल्या बाटल्या २०२३ साली गेल्या, त्याही कायद्याने, पश्चात्तापाने नव्हे.”

ताईंचे सारे आयुष्य हॉटेलांच्या हाउसकीपिंगमध्ये गेले असल्यामुळे या विषयावर त्या बोलू लागल्या की मी सहसा इतरांचे ऐकत नाही.

मॅनेजरने टॉवेलचा मुद्दा काढला, हे त्याचे दुर्दैव. २००८ साली प्रसिद्ध झालेला तो अमेरिकी प्रयोग त्याला तोंडपाठ आहे. ‘पर्यावरण वाचवा’ एवढेच सांगणाऱ्या कार्डाने सुमारे ३५ टक्के पाहुणे टॉवेल पुन्हा वापरायला तयार झाले, तर ‘इथले बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात’ असे लिहिल्यावर हे प्रमाण ४४ टक्क्यांवर गेले. माणसे उपदेशापेक्षा शेजाऱ्याकडे पाहून वागतात, हे त्याने इतक्या समाधानाने सांगितले की कार्डावरचा मजकूर त्यानेच रचला असावा असे वाटले.

“आणि तसलेच कार्ड पाहून वेस्टरवेल्ड नावाच्या पर्यावरणवाद्याने १९८६ साली ‘ग्रीनवॉशिंग’, म्हणजे पर्यावरणप्रेमाचा खोटा मुलामा, हा शब्द काढला, तो भाग तू दरवेळी गाळतोस,” हिशेबनीस म्हणाले. “त्याची तक्रार टॉवेलविषयी नव्हतीच. धुलाईचा खर्च मालकाचा वाचतो, पुण्यही मालकाच्याच खात्यात जमा होते आणि त्यागाची विनंती तेवढी पाहुण्याला केली जाते, हा त्याचा आक्षेप होता.”

“पाहुण्याचा त्याग तर त्यातला सर्वांत स्वस्त,” ताई म्हणाल्या. “‘आज खोली साफ करू नका, पर्यावरणाला हातभार लावा’ असे कार्ड पाहुणा दारावर अडकवतो आणि सत्कर्माच्या आनंदात फिरायला जातो. त्या दिवशी वरच्या मजल्यावर साफसफाई करणाऱ्या बाईचे तास कापले जातात. तीन दिवसांनी तीच खोली उघडल्यावर तिथे तीन दिवसांची घाण असते, पण ती काढायला वेळ मात्र एका दिवसाचाच मिळतो. २०१८ साली अमेरिकेत हॉटेल-कामगार संपावर गेले, तेव्हा त्यांच्या तक्रारींत हीदेखील होती. पाणी वाचले असेल, मी नाही म्हणत नाही. पण ते कोणाच्या पगारातून वाचले, हे कार्डावर छापत नाहीत.”

मॅनेजरने पाणी आणि पगार हे दोन वेगळे विषय असल्याचे सांगून पाहिले. ते कोणालाही पटले नाही, बहुधा त्यालाही नाही.

इथवर गप्प असलेल्या विश्वप्रवाशाला आता राहवेना. त्याचे कोणतेही वाक्य ‘मी जेव्हा’पासून सुरू होते आणि ज्या देशाचे नाव आपल्याला नकाशावर शोधावे लागेल तिथे संपते. “मी जेव्हा पलाऊला गेलो,” तो म्हणाला, “तेव्हा पासपोर्टवर उमटवलेल्या प्रतिज्ञेखाली मी स्वतः सही केली की या बेटांचे निसर्गधन मी जपेन. तो क्षण माणसाला आतून बदलतो.” २०१७ पासून तिथे येणाऱ्या प्रत्येक पर्यटकाला ही सही करावी लागते, त्यामुळे आतून बदललेल्यांची संख्या बरीच असणार.

“शिक्का पासपोर्टवर बसला,” ताई म्हणाल्या, “विमानाच्या धुरावर नाही बसला.”

हिशेबनीसांना एवढी फट पुरेशी होती. २०१८ साली ‘नेचर क्लायमेट चेंज’ या विज्ञान-नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने जगाच्या हरितगृह वायूंपैकी सुमारे आठ टक्के वाटा पर्यटनाचा असल्याचे दाखवले होते. हॉटेल कितीही सोज्ज्वळ झाले तरी तिथवर पोहोचण्याचा धूर त्याच्या हिशेबात धरलाच जात नाही, असे ते म्हणाले. विश्वप्रवाशाने आपण विमानाचा कार्बनभार पैसे भरून फेडतो असे सांगितले, तेव्हा त्याच्याच आग्रहावरून आम्ही ज्या तथाकथित इको-रिसॉर्टमध्ये गेलो होतो त्याची आठवण निघणे अटळ होते. तिथे बांबूच्या झोपडीमागे ताडपत्रीखाली दडवलेला डिझेल जनरेटर रात्रभर धडधडत होता आणि विश्वप्रवासी त्याला धबधबा समजून दाद देत होता. तो आजही म्हणतो की धबधबासुद्धा होता.

मला स्वतःला या चर्चेत बेटांचा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटला, कारण तिथे कार्डे, पाट्या आणि प्रतिज्ञा सगळे संपून थेट टाळे लागते. फिलिपिन्सने २६ एप्रिल २०१८ रोजी बोराकाय बेट सहा महिन्यांसाठी पर्यटकांना बंद केले, कारण तिथले सांडपाणी थेट समुद्रात जात होते. उघडताना एका वेळी बेटावर सुमारे १९ हजार पर्यटकच राहतील अशी मर्यादा घातली. थायलंडने त्याच वर्षी जूनमध्ये माया बे ही खाडी बंद केली आणि ती थेट २०२२ च्या जानेवारीत उघडली. मधल्या काळात प्रवाळांची पुन्हा लागवड झाली, काळ्या टोकाच्या परांचे छोटे शार्क उथळ पाण्यात परतले. आता बोटींना खाडीत शिरता येत नाही, त्या बेटाच्या मागच्या बाजूला लागतात.

“एका टॉवेलाने जे झाले नसते ते एका कुलपाने झाले,” हिशेबनीस म्हणाले.

“कुलूप लावणाऱ्याचे काय जाते?” मॅनेजर उसळून म्हणाला आणि पहिल्यांदाच बरोबर बोलला. “बोराकायवर सांडपाण्याची नळी समुद्रात सोडली मालकांनी, आणि रोजगार एका रात्रीत बुडाला वेटरचा आणि नावाड्याचा. ताई, तुमच्याच लोकांचा.”

ताई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. “खरे आहे,” मग त्या म्हणाल्या. “म्हणूनच बेट नासेपर्यंत थांबायचे नसते. खोल्या किती बांधायच्या याची परवानगी देताना सांडपाणी कुठे जाणार हे विचारले, तर पुढे कोणाला घरी बसावे लागत नाही. तिथे सगळे मुके असतात आणि नंतर पाहुण्याला मात्र टॉवेलवर व्याख्यान देतात.”

भूतानचा विषय लवकर आटोपला. तिथे पर्यटकांकडून घेतले जाणारे दर दिवसाचे शाश्वत विकास शुल्क २०२२ मध्ये ६५ डॉलरवरून २०० वर गेले आणि पुढच्याच वर्षी १०० वर आणावे लागले. गर्दी पैशांनी रोखली की फक्त गरीब प्रवासी रोखला जातो, हे हिशेबनीसांचे मत मला पटले. व्हेनिसमध्ये दिवसभरासाठी येणाऱ्यांना लावलेल्या पाच युरोंच्या तिकिटावर तर विश्वप्रवासीही हसला, कारण तेवढ्यासाठी व्हेनिस टाळणारा माणूस त्याला अजून भेटायचा होता.

शेवटी मॅनेजरने ताईंना कोंडीत पकडण्यासाठी विचारले की, त्या स्वतः कधी सुट्टीवर गेल्याच तर कशा हॉटेलात उतरतील.

“जिथे माझी चादर रोज दुसरे कोणीतरी बदलेल,” ताई म्हणाल्या. “आणि मी दारावर कसलेही कार्ड अडकवणार नाही.”

“आणि पाणी? पृथ्वी?”

“आयुष्यभर मी लोकांच्या चादरी बदलल्या आहेत, माझी तेवढी पृथ्वी जमा असेल. कमी पडली तर विश्वप्रवाशाच्या खात्यातून वळती करून घ्या.”

विश्वप्रवाशाने आपल्या खात्यात सध्या तूटच असल्याचे कबूल केले. हिशेबनीस त्यावर व्याज किती होते ते सांगू लागले, पण त्या हशात कोणालाच ऐकू आले नाही.